भुवया उचलल्याशिवाय

प्रिय ठकी,

सगळ्यात आधी एवढं वाच, मग हवं तर चहा ठेव आणि बाकीचं सावकाश वाच. मला कुठलाही आजार झालेला नाही. हात थरथरत नाहीत, पाय घसटत नाहीत, जिना चढताना कठडा धरावा लागत नाही. अक्षर तर तुझ्यासमोरच आहे. कंपवातात मेहुण्यांचं अक्षर शेवटी शेवटी मुंगीएवढं झालं होतं, तसं माझं झालेलं नाही. पहिल्यापासून होते तेच कोंबडीचे पाय आहेत. तेव्हा तुझा जीव एकदाचा भांड्यात पडू दे.

परवा तुझा निरोप आला तेव्हा मी काउंटरवर होते. ‘खरं सांग. तुझा चेहरा थांबलाय. ह्यांच्या वेळी मी हे पाहिलंय. डॉक्टरांना दाखवलंस का?’ मी फोन पालथा घातला, समोरच्या गिऱ्हाइकाला त्याचा चष्मा पुसून दिला आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. तुला उत्तर म्हणून काय पाठवलं, तर वर केलेल्या अंगठ्याचं चित्र! त्यावर तू काहीच लिहिलं नाहीस. बरोबरच आहे. एवढं विचारल्यावर जी बाई अंगठा दाखवते तिच्याशी बोलायचं तरी काय? रविवारी नेहमीसारखं फोनच्या पडद्यावर समोरासमोर बसून हातांनी सगळं सांगून टाकावं असंही मनात आलं होतं. पण घोडं अडलंय ते नेमकं तिथंच. म्हणून हा कागद. आपण दोघींनी एकमेकींना पत्र लिहिल्याला किती वर्षं झाली असतील कोण जाणे. तू वसतिगृहाच्या शाळेत होतीस तेव्हा मी लिहायचे, आणि तू माझ्या चुकांखाली लाल रेघ मारून तेच पत्र परत पाठवायचीस. या पत्रातही हवी तेवढी लाल शाई वापर.

तर झालं असं. आमच्या दुकानाचे जुने मालक गेल्या वर्षी थकले आणि घरी बसले. त्यांच्या सुनेनं दुकान हातात घेतलं. मुलगी चांगली आहे, वयानं माझ्या निम्मी, पण चटपटीत. तिनं आल्या आल्या दिवे बदलले, फ्रेमा कुलपातून काढून उघड्या फळ्यांवर मांडल्या आणि जिथं भिंत रिकामी दिसली तिथं आरसा लावला. तू आली होतीस तेव्हा दोनच आरसे होते, आता मान वळवली की मीच मला भेटते. इतकी वर्षं मी चष्मे विकतेय, पण एक गोष्ट मला या आरशांमुळे कळली. माणसं आमच्याकडे चष्मा बघायला येतच नाहीत. ती स्वतःला बघायला येतात, आणि चष्मा मध्ये येतो म्हणून थोड्या रागानंच त्याच्याकडे बघतात. त्यांचा राग जावा, त्यांना आपण बरे दिसतो असं वाटावं, हेच माझं काम. कानामागे टोचणारी काडी जरा वाकवायची, नाकावरची गादी सैल करायची, दोन पावलं मागं सरकायचं आणि बघायचं.

माझं ते बघणंच नडलं. नव्या मालकीणबाईंनी दाराशी एक यंत्र ठेवलंय. जाताना माणसं त्यावर आपलं मत नोंदवतात. त्यात सारखं यायला लागलं की काउंटरवरच्या बाई रागावलेल्या दिसतात. बाई बोलत चांगल्या, पण कपाळाला आठी. मालकीणबाईंनी मला आत बोलावलं, स्वतःच्या हातानं चहा दिला आणि इतक्या अवघडून सांगितलं की मलाच त्यांची दया आली. मी म्हटलं, अहो, मी रागावत नाही, नीट बघते. त्या म्हणाल्या, मला माहितीये हो, पण त्यांना कुठं माहितीये? मग त्याच आठवड्यात एक बाई आल्या. पहिल्यांदाच जवळचा चष्मा लागलेला, कागद हातभर लांब धरून वाचत होत्या. मी त्यांच्यासाठी फ्रेम शोधत होते, मन लावून शोधत होते, आणि मध्येच त्या हळूच म्हणाल्या, ‘तुम्हाला उशीर होत असेल तर मी उद्या येते.’

मला कसला उशीर होणार होता, ठकी? तुझे भावजी गेल्यापासून मला कशालाच उशीर होत नाही. दुकान बंद झालं की मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी जाते. वाण्याचं लक्ष काट्यावर असतं. लिफ्टमधले शेजारी फोनमध्ये डोकं घालून असतात. घरी आल्यावर दिवा लावायचा, रेडिओ लावायचा, कुकर लावायचा, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुकानाचं दार उघडेपर्यंत माझ्या तोंडाकडे कोणी बघत नाही. मी हसले काय आणि मुसमुसले काय, त्याची कुठं नोंद नाही. भावजींना एक सवय होती. मी काही करत बसले असले की जाता जाता अंगठ्यानं माझ्या दोन भुवयांमधली आठी दाबायचे आणि म्हणायचे, झाली इस्त्री. मी त्यांच्यावर खेकसायचे. आता वाटतं, आपल्याला आठी पडलीय हे बघायला तरी माणूस असावं लागतं. त्या बाई उद्या येते म्हणून निघून गेल्या, आणि मला असं वाटलं की दिवसभरात जे चार लोक माझ्याकडे बघतात तेही आता पाठ फिरवणार.

मालकीणबाईंनीच सुचवलं. त्या स्वतः करून घेतात, सुरकुत्यांचं इंजेक्शन. मी तीन ताड उडाले. सुई आणि कपाळात? पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. पहिल्यांदा कुठं गेले असेन, तर आमच्या गल्लीच्या टोकाला जे पार्लर आहे तिथं. तिथली पोरगी केस कापता कापता म्हणाली, आम्ही पण करतो, डॉक्टरपेक्षा निम्म्यात. बाटली दाखव म्हटलं, तर तिनं ड्रॉवरमधून एक बिनचिठ्ठीची कुपी काढली, नेलपॉलिशच्या शेजारची. मी ओले केस घेऊन तशीच उठले. हे तुला अशासाठी सांगतेय की तुमच्या दातांच्या लॅबमधल्या बायकाही असलं काहीतरी बोलत असतात असं तू मागे म्हणाली होतीस. कोणाला करायचंच असेल तर तिला सांग, हे औषध आहे, मेंदी नव्हे. शिकलेला डॉक्टर बघ, कुपीवरचं नाव आणि तारीख वाच, ती आपल्यासमोर उघडायला लाव.

मग मी मालकीणबाईंच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. शांत बाई. घाईनं पिचकारी उचलतील असं वाटलं होतं, पण निम्मा वेळ त्यांनी नुसते प्रश्नच विचारले. कुठल्या गोळ्या चालू आहेत, रक्त पातळ करणारी त्यात आहे का, स्नायूंचा काही विकार, कशाचं वावडं, गिळायला त्रास. दिवस गेलेत का हेही विचारलं. मी म्हटलं, गेले असतील तर आधी वर्तमानपत्रवाल्यांना बोलवा. त्या हसल्या आणि मग नीट समजावून सांगितलं. हे औषध सुरकुती बुजवत नाही. त्या जागेच्या स्नायूला काही महिने झोपवतं. स्नायू आखडत नाही म्हणून कातडीला घडी पडत नाही, एवढंच. स्वस्थ बसल्यावरही दिसते ती जुनी घडी पुरती जाईलच असं नाही. परिणाम लगेच दिसत नाही, हळूहळू चढतो आणि हळूहळूच उतरतो. डोकं दुखेल, एखादा काळानिळा डाग पडेल, क्वचित कोणाची पापणी खाली येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे याला उतारा नाही. आवडलं नाही तर वाट बघत बसायचं. त्यांचं म्हणणं होतं की पहिल्या खेपेला फक्त दोन भुवयांमध्ये आणि तेही थोडंसंच देऊ, कपाळाला हात लावायला नको. मी हट्ट धरला. कपाळावरच्या आडव्या रेघाही घ्या, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. तू मला ओळखतेसच. भिंत रंगवायला काढली की मी छतही रंगवते.

मग त्यांनी एक शेवटचा प्रश्न विचारला. तुमचं काही असं काम आहे का, ज्यात चेहरा लागतो? नाटक, गाणं, लहान मुलांना शिकवणं? मी म्हटलं, नाही हो, मी चष्मे विकते. त्यांनी हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, नेमकं काय खटकतं ते बोट ठेवून दाखवा. मी भुवयांच्या मध्ये बोट टेकवलं. तुझ्या खुणांच्या भाषेत ते माझं नाव आहे, ठकी. तू चार वर्षांची असताना ठेवलेलं. शाळेतून मैत्रिणी घरी आल्या तरी तू माझी ओळख तशीच करून द्यायचीस, कपाळावर बोट टेकवून, आणि त्या सगळ्या माझ्याकडे बघून हसायच्या. त्या खुर्चीत मला यातलं काही आठवलं नाही. आरशात आठी दिसत होती आणि मला ती नको होती.

सुया बारीक होत्या, मुंगी चावावी तशा. नंतर कपाळ चोळायचं नाही, ओणवं व्हायचं नाही, काही तास आडवं पडायचं नाही, असं बजावून त्यांनी मला घरी पाठवलं. बसल्या बसल्या डुलकी लागून मी कलंडेन याची इतकी धास्ती की सोफा सोडून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ताठ बसून राहिले. कोणी असतं तर म्हटलं असतं, जरा लक्ष ठेव गं, मला झोपू देऊ नकोस. कोणी नव्हतं, म्हणून रेडिओ मोठा केला.

तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मला आवडलं. आठवडा उलटता उलटता कपाळ असं गुळगुळीत झालं की दिव्याखाली चमकायला लागलं. दुकानात फरक पडला. माणसं रेंगाळायला लागली, घरच्या गोष्टी सांगायला लागली. त्या कागद लांब धरणाऱ्या बाई खरंच परत आल्या आणि माझ्याकडून दोन चष्मे घेऊन गेल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर मला विचारलं की इथं पूर्वी एक जरा तापट बाई होत्या, त्या निवृत्त झाल्या का? मी म्हटलं, हो, गावी गेल्या. मालकीणबाई आणि मी हसून हसून लोटपोट झालो. एका संध्याकाळी मी एकटीच उपाहारगृहात जाऊन बसले, खिडकीजवळचं टेबल मागितलं, आणि त्या टेबलावर आपण एकट्या आहोत याची लाज वाटली नाही. एवढं सगळं एका सुईनं झालं. मी ते नाकारत नाही. तुला मात्र मुद्दाम सांगितलं नाही. तू दिवसभर मेणाचे दात कोरतेस, नाकाडोळ्यांतलं तुला सूतभरही चुकत नाही. मला बघायचं होतं तू स्वतःहून ओळखतेस का. म्हणशील, ‘ताई, तरुण दिसतेस.’ त्या एका वाक्यासाठी मी गप्प राहिले.

मग तो रविवार आला. तुला लॅबचं सांगायचं होतं. आता दात यंत्रच कोरून देणार, हातानं काम करणाऱ्यांना काहीतरी देऊन मोकळं करणार, हे सांगताना तुझे हात नेहमीपेक्षा हळू चालत होते. पुढं तू म्हणालीस की घराचा करारही संपत आलाय. मेहुणे गेल्यापासून ते घर फार मोठं झालंय. पलीकडच्या खोलीत तू जातसुद्धा नाहीस. या गावात आता आपलं काय आहे असं कधी कधी वाटतं, म्हणालीस. आणि थांबून माझ्याकडे बघत राहिलीस.

ठकी, मी पडद्याच्या आणखी जवळ सरकले. मी विचारलं. शपथेवर सांगते, मी विचारलं, तू इथं येणार? माझ्याकडे? हात बरोबर चालले. तुझ्याकडे बोट, मग माझ्याकडे ओढून घेतलेलं बोट, मग जमीन. तुझ्या तोंडावरचं काहीतरी मावळलं. तू घाईघाईनं म्हणालीस, नाही, नाही, मी सहज सांगत होते. आणि उठून खिडकीतली कुंडी आणून दाखवायला लागलीस, तिला नवी पानं फुटली होती म्हणून. मी पानांचं कौतुक केलं. फोन बंद करून मी कुकर लावायला उठले. मला वाटलं, मिळालं उत्तर. तिला यायचं नाही. एवढ्या झटकन कोणी नाही म्हणतं ते आधीच ठरवलेलं असतं म्हणून.

त्यानंतरचे रविवार आठव. तू लवकर आटपायला लागलीस. मी काही विचारलं की तू मान हलवायचीस, जणू मी विचारलं नसून तुला बातमी दिलीय. कशी आहेस म्हटलं तरी मान हलवलीस. मी त्याचा अर्थ लावला की तू दूर जातेयस. मलाही राग आला, मीही आखडून घेतलं. माझ्या आखडून घेण्यानंही काही दिसलं नसेल म्हणा.

डोक्यात प्रकाश पडायला तिसरंच निमित्त झालं. एक तरुण जोडपं चष्मा घ्यायला आलं, दोघांनाही ऐकू येत नव्हतं. मालकीणबाईंनी मोठ्या अभिमानानं मला पुढं केलं की आमच्या बाईंना तुमची भाषा येते. मुलगा खूश झाला. मी त्याला खुणेनं विचारलं, जवळचा हवा की लांबचा? तो नुसता बघत राहिला. मी पुन्हा विचारलं. त्यानं बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि भुवया वर करून हातानं विचारलं, ‘तुम्ही सांगताय, की विचारताय?’

त्यांना मी कागदावर लिहून विचारलं आणि चष्मा दिला. मग दुकान आवरायच्या वेळी, मालकीणबाई हिशोबाला आत बसलेल्या असताना, आरशासमोर उभी राहिले आणि तुला त्या रविवारी म्हटलं होतं ते जसंच्या तसं म्हणून पाहिलं. हात म्हणत होते, तू, माझ्याकडे, इथं. कपाळ काहीच म्हणत नव्हतं. पाटीसारखं कोरं. तुला ते विचारणं वाटलंच नसेल, नाइलाजानं सांगितल्यासारखं वाटलं असेल. भुवया उचलायचा जीव तोडून प्रयत्न केला, नुसते डोळे विस्फारले गेले आणि कान हलले. आपल्या भाषेत हात निम्मंच बोलतात हे मी तुला काय सांगणार! ‘जेवलीस’ आणि ‘जेवलीस?’ यांत बोटांचा फरक नाही. भुवया वर गेल्या की प्रश्न, खाली आल्या की कुठे, कधी, का. तू शाळेतून शिकून आलीस आणि मला सांगितलंस की हे व्याकरण आहे. तोपर्यंत मला वाटायचं मी नुसतीच तोंडं वेंगाडते. आई बिचारी जन्मभर तुझ्याशी मोठ्यानं बोलत राहिली. तिला वाटायचं आवाज चढवला की पोचेल. म्हणून डॉक्टरकडे, बाजारात, पाहुण्यांत, सगळीकडे तुझं आणि लोकांचं मधलं माणूस मीच. दिवसभर कपाळ वर आणि खाली, वर आणि खाली. चाळीस-पन्नास वर्षं. त्या आठ्या रागाच्या नव्हत्याच, ठकी. तुझ्याशी बोलून बोलून पडल्या होत्या. आणि मी त्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, माझ्या कामात चेहरा लागत नाही.

त्यांच्याकडे गेले पुन्हा. काही करता येईल का विचारलं. नाही म्हणाल्या, आधीच सांगितलं होतं तसं, उतरेपर्यंत थांबायचं. तुझ्याबद्दल सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘मी विचारलं होतं तुम्हाला.’ विचारलं होतं खरं. त्यांचा काही दोष नाही. औषधानं जे करायचं तेच केलं. म्हणून तुमच्या लॅबमधल्या बायकांना बाकीचं सगळं सांगशील तेव्हा हेही सांग. गोळ्या, वावडं, पापणी हे डॉक्टर विचारतात. आपला चेहरा कोण वाचतं, ते आपलं आपण आधी आठवून ठेवावं लागतं.

हे कळल्यावर तुला लगेच का लिहिलं नाही, असं विचारशील. रोज लिहीत होते आणि रोज पुसत होते. इंजेक्शनची लाज होती, पण ती थोडी. खरी भीती वेगळीच होती. मी विचारलंय हे तुला कळलंच नाही, असं आहे तोवर तुझं ‘नाही’ हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. नीट विचारलं आणि तरीही तू नाही म्हणालीस, तर? मग मी त्या घरात दिवा लावून काय करायचं? यापेक्षा न विचारलेलं बरं, असं म्हणत दिवस ढकलत होते. त्यात परवा तुझा निरोप आला. मी स्वतःच्याच दुखण्यात बुडाले होते आणि तू तिकडे रात्रंदिवस मेहुण्यांचा चेहरा आठवत बसली होतीस. कंपवातानं त्यांचा चेहरा कसा एकेक दिवस मिटत गेला ते मी पाहिलंय. तू म्हणायचीस, ह्यांचे हात माझ्याशी बोलतात, पण चेहरा घरात नसतो. मी तुमच्याकडे राहायला आले होते तेव्हा त्यांच्या थरथरत्या खुणा आणि कोरा चेहरा बघून त्यांनी मला थांब म्हटलं की जा म्हटलं, ते मला कळलं नव्हतं, आणि मी दुसऱ्याच दिवशी निघून आले होते. नंतर तू सांगितलंस की ते थांब म्हणत होते. तेच तू माझ्या बाबतीत पुन्हा बघत होतीस आणि कोणाला सांगायला जागा नव्हती. या एका गोष्टीसाठी मला हवी तेवढी शिव्यांची लाखोली वाहा. दोन्ही हातांनी वाहा.

आता औषध उतरायला लागलंय. डावी भुवई जरा हलते, उजवी अजून संपावर आहे. त्यामुळे सध्या मी प्रत्येक माणसाकडे संशयानं बघते असं दिसतं, आणि दाराशी नोंद आलीय की काउंटरवरच्या बाई खवचट आहेत. मालकीणबाई म्हणाल्या, परत करून घ्या. मी नको म्हटलं. त्या बिचाऱ्या आता गिऱ्हाइकांना स्वतःच सांगतात, बाई रागावलेल्या नाहीत, त्या नीट बघतायत.

पण दोन्ही भुवया जाग्या होईपर्यंत थांबायला मला वेळ नाही. तुझ्या घराचा करार त्याआधी संपेल आणि तू पुन्हा वर्षभरासाठी सही करून बसशील. कागदाला कपाळ लागत नाही, म्हणून एवढं सगळं लिहिलं. ठकी, तू माझ्याकडे राहायला येशील का? मी सांगत नाहीये, विचारतेय. कीव येऊन विचारत नाही. तुझी नोकरी जातेय म्हणून नाही, मेहुणे नाहीत म्हणूनही नाही. मला घरात माणूस हवंय म्हणून विचारतेय. भावजींच्या खोलीत उत्तरेचा उजेड येतो, तुझं कोरकामाचं टेबल खिडकीशी नीट बसेल, मी फीत लावून बघितलंय. कुंड्यांना गॅलरी आहे. यायचं नसेल तर तसंही सांग, मी ऐकून घेईन आणि रविवार आपले चालूच राहतील. फक्त याचं उत्तर लिहून पाठवू नकोस. रविवारी पडद्यासमोर बस, दिवा तोंडावर घे, आणि हो किंवा नाही जे असेल ते समोर सांग. माझा चेहरा बंद असला तरी तुझा उघडा आहे. तू हात उचलायच्या आधीच मला कळेल.

तुझीच,
ताई